मुख्य वाक्य आणि पोटवाक्य



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला म्हणजे तो महागाई, बोनस किंवा संप यांवर बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. मी आज इंग्रजी व्याकरणावर बोलणार आहे. त्यातही मुख्य वाक्य आणि त्याला जोडलेले पोटवाक्य एवढ्यावरच. हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. माझे शालेय शिक्षण बेताचे. इंग्रजी जे आले, ते तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून आणि पुढे रेन व मार्टिन यांच्या व्याकरणावरून, रात्री संघटनेच्या कचेरीत बसून. शिकण्याचे कारण एवढेच की कामगाराचा हक्क कायद्यात असतो, कायदा वाक्यात असतो, आणि ते वाक्य बहुधा इंग्रजीत असते. वाक्याची फोड करता आली नाही, तर हक्क कागदावर असूनही हाती येत नाही.

प्रथम गोष्ट नीट समजून घेऊ. 'मालक पगार देईल' हे एक वाक्य झाले. त्यात क्रियापद एक, विधान एक. आता म्हणा, 'काम संपले म्हणजे मालक पगार देईल.' येथे क्रियापदे दोन झाली. 'मालक पगार देईल' हे आपल्या पायावर उभे आहे. 'काम संपले म्हणजे' हे एकटे उभे राहू शकत नाही. पहिले मुख्य वाक्य, दुसरे त्याच्यावर अवलंबून असलेले. शाळेत त्यांना प्रधान वाक्य आणि गौण वाक्य म्हणतात, आणि दोन्ही मिळून होणाऱ्या वाक्याला मिश्र वाक्य म्हणतात. मी 'गौण' ऐवजी 'पोटवाक्य' म्हणतो, पोटकलमाच्या धर्तीवर. कारण 'गौण' म्हटले की ते बिनमहत्त्वाचे असा समज होतो, आणि पुढे आपण पाहणार आहोत की तसे मुळीच नाही. पोटवाक्ये तीन कामे करतात. कोणी नामाचे काम करते : 'संप होणार नाही, असे साहेब म्हणाले.' कोणी विशेषणाचे : 'ज्याने काम केले, तो माणूस.' कोणी क्रियाविशेषणाचे, म्हणजे केव्हा, का, कोणत्या अटीवर, हे सांगण्याचे : 'पाऊस पडला तर पेरणी होईल.'

ही विद्या साहेबाने आणली असे कोणी समजू नये. मराठी माणूस 'जो–तो', 'जेव्हा–तेव्हा', 'जर–तर' या जोड्यांत पहिल्यापासून बोलत आला आहे. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानतात. अध्यात्मासारखा अवघड विषय त्या काळी मराठीत मांडता आला, तेव्हा 'जे अमुक, ते तमुक' असे जोडून बोलण्याची ताकद भाषेत आधीपासूनच असली पाहिजे. यादवकाळातील दानलेखांवर जे गधेगाळ आढळतात, त्यांचीही घडण हीच : जो कोणी हे दान मोडील, त्याला अमुक शाप. शाप मुख्य वाक्यात आणि गुन्हेगार पोटवाक्यात. मोडी लिपीत स्वल्पविराम नव्हता, शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही फारशी चाल नव्हती. तरी सनदा आणि करारमदार वाचता येत, याचे एक कारण मला असे दिसते की 'जो' आला म्हणजे वाचणारा 'तो' ची वाट पाहतो. विरामचिन्हाचे काम ही जोडीच करीत असे.

शास्त्र म्हणूनही ही गोष्ट आपल्याकडे नवी नव्हती. यज्ञाच्या विधिवाक्यांत मुख्य विधी कोणता आणि त्याचे अंग कोणते, एक वाक्य कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, याचा काथ्याकूट मीमांसकांनी शतकानुशतके केला. विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिताना तीच पद्धत वारसाहक्काच्या वचनांना लावली. म्हणजे वाक्याची फोड करणे हे कायद्याचे काम आहे, हे आपल्या पंडितांना ठाऊक होते. मात्र ही विद्या पाठशाळेच्या उंबऱ्याबाहेर आली नाही, आणि शेतात किंवा मागावर राबणाऱ्याच्या वाट्याला तर ती कधीच आली नाही.

छापील व्याकरणाचा मराठीतला इतिहास सव्वादोनशे वर्षांच्या आतबाहेरचा आहे. विल्यम केरी यांनी १८०५ साली श्रीरामपूरहून मराठी भाषेचे व्याकरण इंग्रजीत छापले. त्यांना वैजनाथ पंडितांचे साहाय्य होते. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' निघाले. दादोबांनी इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून मराठीचे नियम लावले, आणि पुढील आवृत्त्यांत आपल्या भाषेचे स्वतंत्र रूप अधिकाधिक ओळखत गेले. मेजर कँडी यांनी विरामचिन्हे मराठीत रुळवली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी दादोबांच्या मतांची कसून तपासणी केली. आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झाले, ज्याच्यावाचून आजही कोणाला पुढे जाता येत नाही. दादोबा आणि त्यांचे बंधू जातिभेद मोडण्यासाठी निघालेल्या परमहंस सभेत होते, हे येथे मुद्दाम सांगतो. भाषेचे नियम सर्वांना सांगावेत आणि पंगत सर्वांची एक असावी, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या मनात होत्या.

आता शाळेत आपण वाक्यपृथक्करण म्हणून जे घोकतो, म्हणजे वाक्याचे तुकडे पाडून हे मुख्य, हे नामवाक्य, हे विशेषणवाक्य असे तक्ते भरतो, ते कोठून आले? त्याचे मूळ जर्मनीत आहे. कार्ल फर्डिनंड बेकर (१७७५–१८४९) हा धंद्याने वैद्य. शरीराचे अवयव जसे एकमेकांवर अवलंबून असतात, तशी भाषाही एक सजीव रचना आहे, असे त्याने मांडले. पोटवाक्य हे नामाचे, विशेषणाचे किंवा क्रियाविशेषणाचे काम करते, ही वाटणी त्याच्या ग्रंथांतून पसरली. जर्मन भाषेत पोटवाक्याला 'बाजूचे वाक्य' अशा अर्थाचा शब्द आहे. तेथे वर–खाली नाही, नुसते शेजार आहे. इंग्लंडमध्ये जे. डी. मोरेल या सरकारी शाळातपासनिसाने १८५२ साली वाक्यपृथक्करणावर पुस्तक काढून बेकरची पद्धत शाळांत आणली. इंग्रजी नाव मात्र 'सबॉर्डिनेट' असे रूढ झाले, म्हणजे हाताखालचे. आणि आपण त्याचे 'गौण' केले. शेजारी होते ते प्रथम हाताखालचे झाले आणि मग बिनमहत्त्वाचे झाले!

हिंदुस्थानात ही पद्धत नेसफील्ड यांच्या पुस्तकांनी घरोघर नेली. ते उत्तर भारतात शिक्षणखात्यात अधिकारी होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापासून त्यांची व्याकरणे शाळांतून चालू लागली. त्यांच्यामागून १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक आले. यांतले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते आणि कादंबरीकार म्हणून त्यांचे नाव झाले होते. ज्या पुस्तकाने बीडच्या पोराला साहेबाचा कायदा वाचायला शिकवले, ते साहेबाच्याच नोकरशाहीतून निघाले. हत्यार कोणी घडवले यापेक्षा ते कोणाच्या हाती आहे याला महत्त्व असते.

आपल्या भागाची हकीकत थोडी निराळी आहे. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. कचेरीची भाषा उर्दू; १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातही शिक्षणाचे माध्यम उर्दूच. एका देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. पण ती भाषा येथील बहुसंख्य रयतेची नव्हती. घरात मराठी, कचेरीत उर्दू, आणि त्याही वरच्या पायरीवर इंग्रजी, अशा तीन भाषांच्या चाळणीतून आमच्या आजोबांचा अर्ज वर जात असे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्याच साली भाषा संचालनालय निघाले आणि १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला. 'प्रोव्हायझो' ला 'परंतुक' हा सुरेख शब्द आपल्याला याच मराठीकरणाच्या कामाने रुळवून दिला. 'परंतु' ने सुरू होते ते परंतुक; ज्याने हा शब्द वापरात आणला त्याला कायद्याची मेख बरोबर कळली होती.

येथे स्वामी रामानंद तीर्थांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून आपण त्यांना ओळखतो. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत त्यांनी शिकवले, हेही जिल्ह्याला ठाऊक आहे. पण त्याआधी तरुणपणी ते कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली काम करीत होते, हे कमी लोकांना माहीत असते. जोशी हे १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक. कामगारांनी संघटना केली म्हणून त्यांच्यावर खटला होऊ नये, यासाठी त्यांनी १९२१ साली मध्यवर्ती विधिमंडळात ठराव आणला आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. सात कामगार एकत्र येऊन नोंदणीचा अर्ज करू शकतात, हे त्या कायद्याने दिले. कामगार चळवळ आणि शाळा यांचे नाते आपल्या जिल्ह्यात असे जुने आहे.

आता पोटवाक्याचा प्रताप पाहू. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. मुलांचे कामाचे तास त्याने बांधून दिले, म्हणून त्याची वाहवा झाली. सात वर्षांच्या आतील मूल कामावर घ्यायचे नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून अधिक राबवायचे नाही. हे झाले मुख्य वाक्य. पण 'कारखाना' कशाला म्हणायचे? जेथे यंत्रशक्ती आहे, जेथे शंभर किंवा अधिक माणसे आहेत, आणि जो वर्षातून चार महिन्यांहून अधिक चालतो, त्याला. तीन विशेषणवाक्ये. नव्याण्णव माणसांचा कारखाना सुटला. हंगामापुरत्या तीन-चार महिने चालणाऱ्या जिनिंगच्या गिरण्या सुटल्या. मुख्य वाक्याने पोराच्या हातात भाकरी दिली आणि पोटवाक्याने ती काढून घेतली.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे ओळखले. सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील मागण्या पाहा : रविवारी सुटी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार ठरल्या दिवशी द्या. 'शक्य असेल तर' नाही, 'काम नसेल तेव्हा' नाही. निखळ मुख्य वाक्ये. सुटी मिळायला १८९० साल उजाडले, पण मिळाली ती सर्वांना मिळाली.

पोटवाक्य हे नेहमी मालकाच्याच बाजूचे असते, असे मात्र समजू नका. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली कामगारकपातीचे कलम घातले गेले. त्या वाक्याची फोड करून दाखवतो. मुख्य वाक्य : कोणत्याही कामगाराला कमी करता येणार नाही. कोणता कामगार? 'हू' ने सुरू होणारे विशेषणवाक्य सांगते : ज्याची सलग नोकरी एक वर्षाहून कमी नाही. कोठपर्यंत करता येणार नाही? 'अन्टिल' ने सुरू होणारी पोटवाक्ये सांगतात : एक महिन्याची लेखी सूचना किंवा तेवढा पगार, दर पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई, आणि सरकारला सूचना, या गोष्टी होईपर्यंत. येथे 'अन्टिल' ने मालकाचा हात धरून ठेवला आहे. कामगाराचे सगळे संरक्षण पोटवाक्यात आहे.

दुसरे उदाहरण घरचे आहे. आपल्याच जिल्ह्यातील एका कारखान्यात एक फिटर तीन वर्षे आठ महिने नोकरी करून आजाराने वारला. हे साधारण पंधरा वर्षांपूर्वीचे. त्याची बायको ग्रॅच्युइटी मागायला गेली, तेव्हा तिला कचेरीतून सांगण्यात आले, "ताई, पाच वर्षं भरली नाहीत, कायद्यात बसत नाही." कारकून खोटे बोलत नव्हता, त्याने वाक्य अर्धे वाचले होते. १९७२ च्या कायद्यात पाच वर्षांची अट होती खरी, पण पुढेच परंतुक होते : मृत्यू किंवा अपंगत्व यामुळे नोकरी संपली असेल, तर पाच वर्षे भरण्याची जरूर नाही. रकमेच्या कलमात आणखी एक मेख होती : सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पुरे वर्ष धरायचा. म्हणजे तीन वर्षे आठ महिने ही चार वर्षे झाली आणि चार पंधरवडे म्हणजे साठ दिवसांचा पगार देणे झाला. आम्ही इंग्रजी कलम आणि त्याखाली मराठी अर्थ अशी एका कागदावर नक्कल करून दिली. पैसे मिळाले. संप झाला नाही, मोर्चा निघाला नाही. एका पोटवाक्यावर बोट ठेवले एवढेच.

तिसरे उदाहरण ऊसतोडीचे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातून कोयते बाहेर पडतात. १९७९ साली स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यात मजुराला स्थलांतर भत्ता होता : महिन्याच्या मजुरीच्या निम्मे किंवा पंचाहत्तर रुपये, यांत जे जास्त ते. पण हा मजूर कोण? ज्याला कंत्राटदारामार्फत एका राज्यात भरती करून दुसऱ्या राज्यात कामाला नेले, तो. या विशेषणवाक्याचा परिणाम पाहा. बीडचा कोयता बेळगाव जिल्ह्यात गेला तर कायदा लागू. तोच कोयता कोल्हापूरला गेला तर नाही. तोच ऊस, तीच थंडी, तेच पालात झोपलेले मूल. फरक राज्याच्या सीमेचा आणि त्या सीमेला धरून लिहिलेल्या एका पोटवाक्याचा.

स्वल्पविरामाचीही गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इंग्रजीत पोटवाक्याचे दार तो उघडतो आणि बंद करतो. समजा नोटीस लागली : 'द वर्कर्स हू केम ऑन संडे विल गेट डबल वेजेस.' स्वल्पविराम नाही, तर अर्थ असा की जे कामगार रविवारी आले, त्यांनाच दुप्पट मजुरी. 'वर्कर्स' नंतर आणि 'संडे' नंतर स्वल्पविराम घातले, तर अर्थ असा की सगळ्याच कामगारांना दुप्पट मजुरी, आणि ते रविवारी आले होते ही जाता जाता दिलेली माहिती. मराठीत हा घोटाळा सहसा होत नाही, कारण 'जे आले, त्यांनाच' असे आपण स्पष्ट बोलतो. अमेरिकेत मेन राज्यातील एका दूधडेअरीच्या ड्रायव्हरांनी जादा कामाच्या मजुरीसाठी दावा लावला. कायद्यातील सूट दिलेल्या कामांच्या यादीत एक स्वल्पविराम नव्हता. त्यामुळे मालवाहतूक हे वेगळे काम धरायचे की नाही, याचा वाद झाला. २०१७ साली वरिष्ठ न्यायालयाने त्या संदिग्धतेचा फायदा कामगारांना दिला आणि पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली.

मग इंग्रजी वाक्य वाचावे कसे? मी तरुण कार्यकर्त्यांना चार पायऱ्या सांगतो. पहिली, क्रियापदे शोधा. 'शॅल', 'मे', 'हॅज', 'इज' यांखाली रेघ मारा. जितकी पुरी क्रियापदे तितकी वाक्ये. दुसरी, जोडणारे शब्द शोधा : 'इफ', 'अनलेस', 'अन्टिल', 'हू', 'विच', 'व्हेअर', 'प्रोव्हायडेड दॅट'. ज्याच्यामागे असा शब्द लागला ते पोटवाक्य. जे उरले ते मुख्य. तिसरी, प्रत्येक पोटवाक्याला विचारा : तू कोणाला चिकटला आहेस? 'हू' आणि 'विच' बहुधा अगदी अलीकडच्या नामाला चिकटतात. चौथी, वाक्य उलटे करून मराठीत बोला. इंग्रजी मुख्य वाक्य आधी ठेवून अटी मागे लोंबकळत सोडते. मराठी अट आधी सांगते आणि क्रियापदाने शेवटी ठोका देते. म्हणून इंग्रजी वाक्याची सुरुवात वाचून हुरळून जायचे नाही, आणि घाबरायचेही नाही. आणि 'अनलेस' हा शब्द 'जर… नाही तर' असा फोडून वाचा. अर्धी भांडणे तेथेच मिटतात.

कोणी म्हणेल, आता मराठी राजभाषा झाली, इंग्रजीची ही उठाठेव कशाला? तर घटनेच्या ३४८ व्या कलमाप्रमाणे संसदेच्या कायद्याची अधिकृत संहिता इंग्रजीत असते. २०१९ आणि २०२० या दोन साली संसदेने जुने कामगार कायदे एकत्र करून चार संहिता केल्या. त्यांतही कामगार कोणाला म्हणावे, आस्थापना कोणती, किती माणसांवर कोणते प्रकरण लागू, हे सारे पोटवाक्यांतच आहे. २००० सालापासून आपल्या राज्यात पहिलीपासून इंग्रजी आहे. पोरे कविता म्हणतात, रंगांची नावे सांगतात. चांगले आहे. पण त्यांतले किती जण बापाच्या नियुक्तिपत्रातील 'अनलेस' चा अर्थ घरी सांगू शकतात, हे शिक्षकांनी एकदा विचारून पाहावे.

आणि शेवटी ज्या करारात इंग्रजी नाही, कागदही नाही, त्याविषयी. मुकादम आणि कोयता यांच्यातला करार बहुधा तोंडी असतो, आणि तो शुद्ध मराठीत असतो : 'उचल फिटेपर्यंत काम करायचे.' मुख्य वाक्य, काम करायचे. पोटवाक्य, उचल फिटेपर्यंत. पण उचल फिटली हे ठरवणार कोण? हिशेबाची वही मुकादमाकडे. खाडे त्यातच मांडलेले. ज्या पोटवाक्याचा शेवट दुसऱ्याच्या वहीत आहे, त्याचे मुख्य वाक्य कधीच संपत नाही. एक हंगाम जातो, दुसरा येतो, बापाची उचल मुलाच्या अंगावर येते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला, पण वेठ अशा एका अनिर्बंध 'पर्यंत' मध्ये लपून राहते. म्हणून आमची मागणी साधी आहे. उचलीची रक्कम, टनाचा दर आणि रोजच्या वजनाचा आकडा कोयत्याच्या हातातल्या वहीत लिहिला गेला पाहिजे, आणि त्या वहीवर दोघांच्या सह्या पाहिजेत. नवरा-बायको दोघे तोडतात, तेव्हा बायकोचेही नाव त्या वहीवर पाहिजे. 'फिटेपर्यंत' याला तारीख आणि आकडा लागला, की तेच पोटवाक्य मजुराच्या बाजूने बोलू लागेल.